कुलुपापासून अग्निबाणापर्यंत



इतिहास म्हटला कीं आपल्यापुढें लढाया, तह आणि राज्यारोहणें उभीं राहतात. मी वसईकर, आमच्या तालुक्याचा इतिहास विचारला तर शाळेंतला मुलगाही 1739 सालचा वेढा आणि चिमाजीअप्पांचें नांव सांगेल. परंतु माणसाचा हात किती नेमका झाला, याचाही एक इतिहास आहे. त्यांत फर्मानें नाहींत कीं जयघोष नाहींत. पट्टी, कंपास, लेथ आणि कानस हीच त्याचीं साधनें. या इतिहासाकडे पाहण्याची सवय मला लागली ती माझ्या गांवामुळें. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या बाजूला, गोखिवरे हें आमचें गांव. पूर्वीं तेथें भातशेती होती. गेल्या कांहीं दशकांत औद्योगिक वसाहतींचे गाळे उभे राहिले. त्यांतल्या कित्येक गाळ्यांत बाप, मुलगा आणि चारसहा कामगार मिळून धातूचे सुटे भाग कातून देतात. माझ्या हाताखालून गेलेले कांहीं विद्यार्थी असे गाळे चालवितात. ‘मायक्रॉन’ हा शब्द त्यांच्या तोंडीं वाण्याच्या तोंडीं ‘पैसा’ असावा तितक्या सहजपणें येतो. आणि त्यांतल्या होतकरूंची आकांक्षा एकच असते, कीं आपल्या लेथवरचा एखादा नग विमानांत किंवा अग्निबाणांत बसावा.

ही आकांक्षा वेडेपणाची नव्हे. आपल्या महाराष्ट्रांत दोन घराण्यांच्या कारखान्यांनीं ती सिद्ध करून दाखविली आहे. एकानें मुंबईस, दुसऱ्यानें इंदापूर तालुक्यांत. एकाचा आरंभ कुलुपापासून झाला आणि दुसऱ्याचा साखरेपासून. त्या दोघांची हकीकत आज सांगावयाची आहे; आणि ती सांगतां सांगतां एका प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें आहे. अशा धंद्यांत बाप मुलाच्या हातीं नेमकें काय ठेवून जातो?

प्रथम माप म्हणजे काय तें पाहूं. आपल्या जुन्या सुताराचें लहानांत लहान माप ‘सूत’, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. सावंतवाडीचा कातारी लांकडी खेळण्याची गोलाई डोळ्यानें आणि बोटानें पारखी. त्याला त्याहून सूक्ष्म मापाची गरज नव्हती. ती गरज प्रथम वाफेच्या यंत्रानें उत्पन्न केली. जेम्स वॅट याची कल्पना निर्दोष होती, परंतु त्याला हवें तसें गोल नळकांडें कोणी कातून देईना, आणि फटींतून वाफ निसटून जाई. जॉन विल्किन्सन यानें 1774 सालीं तोफांचीं नळकांडीं आंतून कातण्याची एक नवी रीत काढली, आणि पुढल्याच वर्षीं ती वॅटच्या यंत्रास लावली. वसईच्या तटावर मराठ्यांच्या तोफा थंडावल्याला तेव्हां पस्तीस-छत्तीस वर्षें झालीं होतीं. पन्नास इंच व्यासाच्या नळकांड्यांत जुन्या शिलिंगाच्या जाडीहून अधिक फरक नाहीं, असें वॅटच्या भागीदारानें मोठ्या अभिमानानें लिहून ठेविलें. शिलिंगाची जाडी म्हणजे जवळजवळ अर्धें सूत. एवढ्या नेमकेपणावर इंग्लंडची औद्योगिक क्रांति उभी राहिली.

त्यानंतर माप झपाट्यानें बारीक होत गेलें. 1800 च्या सुमारास हेन्री मॉड्स्लेनें बिनचूक आटे पाडणारा लेथ बनविला. 1848 सालीं फ्रान्समध्यें पामर यानें हातांत धरून वापरावयाच्या मायक्रोमीटरचें पेटंट घेतलें. पुढें स्वीडनच्या योहान्सन यानें पोलादाचे असे मापठोकळे तयार केले कीं ते एकमेकांवर सरकवून बसविले असतां चिकटल्यासारखे राहतात. आज मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे मायक्रॉन, हें रोजच्या व्यवहाराचें माप झालें आहे. आपल्या डोक्याचा केस सुमारें सत्तर मायक्रॉन जाडीचा. तेव्हां पांच मायक्रॉनांची सूट म्हणजे केसाच्या चौदाव्या हिश्शाएवढी सूट.

इतक्या बारीक व्यवहारांत हवासुद्धां भागीदार होते. पोलाद एका अंशानें तापलें कीं मीटरामागें साडेअकरा-बारा मायक्रॉन वाढतें. वीतभर लांबीची कांब दहा अंशांनीं तापली तर पंचवीस मायक्रॉनांनीं लांबते. म्हणूनच मोजणीचें प्रमाण तपमान 20 अंश सेल्सिअस असावें, असें 1931 सालीं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलें. मे महिन्याच्या दुपारीं वसईच्या पत्र्याखालीं मोजलेला नग आणि थंड मोजणीघरांत मोजलेला नग, हे मापाच्या दृष्टीनें दोन निराळे नग होत. आमच्या गाळेवाल्याला हें कळूं लागलें कीं त्याचें खरें शिक्षण सुरू झालें, असें मी समजतों.

आतां मुंबईच्या घराण्याकडे वळूं. अर्देशर गोदरेज हे मूळचे वकील. 1894 सालीं एका खटल्याच्या निमित्तानें ते झांजीबारला गेले असतां, ज्या गोष्टीची आपली खात्री नाहीं ती न्यायासनापुढें खरी म्हणून मांडण्याचें त्यांनीं नाकारलें, आणि वकिलीस रामराम ठोकून ते परतले. मग त्यांनीं शस्त्रक्रियेचीं हत्यारें बनविण्याचा उद्योग केला. हत्यारें चांगलीं उतरलीं. परंतु तीं घेणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यास त्यांवर हिंदुस्थानांत बनविल्याची खूण नको होती. अर्देशरांनीं खूण पुसली नाहीं, धंदा मोडला. व्यवहारी माणसाला हा हट्ट वाटेल. परंतु वस्तु कोणीं व कोठें बनविली याची साक्ष त्या वस्तूवरच असली पाहिजे, हा आग्रह पुढें या धंद्याचा पायाच ठरणार होता.

त्या काळीं मुंबईंत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. अर्देशरांनीं उसनवार भांडवल घेऊन 1897 सालीं लालबाग येथें एका लहानशा छपरांत कुलुपें करण्यास आरंभ केला. कारखान्याच्या नांवांत आजही असलेलें ‘बॉइस’ हें नांव एका अल्पकाळच्या भागीदाराचें; भागीदार गेला, नांव राहिलें. कुलूप ही वस्तु आपण क्षुल्लक समजतों, पण तिच्या पोटांत पाहिलें म्हणजे तिच्यांतील गणित कळतें. आंत पातळ पट्ट्या असतात. किल्लीचा प्रत्येक दांता आपली पट्टी ठराविक उंचीपर्यंतच उचलतो. पट्टी थोडी कमी उचलली तरी अडसर हलत नाहीं, थोडी अधिक उचलली तरी हलत नाहीं. सगळ्या पट्ट्या एकाच क्षणीं आपापल्या उंचीवर आल्या, तरच दार उघडतें. कुलूप म्हणजे खिशांत मावणारें मोजणीयंत्रच होय. सैल मापाचें कुलूप चोराच्या तारेला वश होतें आणि घट्ट मापाचें धन्याच्या किल्लीलाही दाद देत नाहीं. या दोहोंमधली जी बारीक वाट, तिच्यावरून हें घराणें पुढचीं शंभर वर्षें चालत गेलें.

1902 च्या सुमारास तिजोऱ्या आल्या. अर्देशरांचे धाकटे बंधु पिरोजशा यांनीं कारखान्याचा व्याप सांभाळला व 1943 सालीं विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेऊन कारखाना तेथें नेण्याचा पाया घातला. पिरोजशांचे पुत्र नवल यांना यंत्रांचा आणि हत्यारघराचा मोठा नाद. 1955 सालीं विक्रोळीहून हिंदी बनावटीचा टंकलेखक बाहेर पडला. शेकडों सुट्या भागांचें तें यंत्र. एक दांडी केसभर वांकडी बसली कीं अक्षर ओळींतून उडी मारतें. कालांतरानें त्या यंत्राचें युग संपलें आणि त्याचें उत्पादनही थांबलें. परंतु टंकलेखकानें, साच्यांनीं आणि हत्यारघरानें जे हात तयार केले, ते वाया गेले नाहींत. 1985 सालीं या कारखान्याचा भारतीय अंतराळ संशोधन संघटनेशीं, म्हणजे ‘इस्रो’शीं, संबंध जडला.

इस्रोपुढें त्या वेळीं ‘विकास’ नांवाच्या इंजिनाचा प्रश्न होता. 1974 सालीं फ्रान्सशीं करार होऊन आपल्या अभियंत्यांनीं तेथें जाऊन ‘व्हायकिंग’ इंजिनाच्या कामांत भाग घेतला. त्या विद्येवर हें इंजिन उभें राहिलें. चित्रें कागदावर आलीं, पण कागदावरचें इंजिन धातूंत उतरविणारे कारखाने देशांतच शोधावयाचे होते. ज्या थोड्या कारखान्यांनीं हें काम पत्करलें त्यांत हैदराबादेप्रमाणें विक्रोळीही होती. या इंजिनाचा जोर सुमारें ऐंशीं टनांचा. आणि त्याच्या पंपाचें चक्र मिनिटाला हजारों फेरे घेतें. पुढें अतिशीत इंजिनांचे भागही तेथें बनूं लागले. तेथें तर द्रवरूप हायड्रोजन शून्याखालीं 253 अंशांवर असतो आणि हातभर अंतरावर ज्वाला पेटलेली असते. एक बाजू आकसते, दुसरी फुलते, आणि तरीही जोड सुटतां कामा नये. किल्लीच्या दांत्यापासून निघालेली वाट येथें येऊन पोंचली.

दुसरें घराणें सोलापूरचें. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 चा. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारींत रेल्वेचे ठेके घेतां घेतां त्यांनीं जहाजांच्या धंद्यांत उडी घेतली. 1919 सालीं ‘लॉयल्टी’ हें सिंदिया कंपनीचें जहाज मुंबईहून विलायतेस निघालें. 1939 सालीं एका विमानप्रवासांत त्यांची गांठ अमेरिकन उद्योगपति पॉली यांच्याशीं पडली, आणि हिंदुस्थानांत विमानें कां होऊं नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यांत शिरला. 1940 च्या डिसेंबरांत म्हैसूर संस्थानच्या साह्यानें बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली. पुढल्याच वर्षीं तिनें विमान जोडून उडविलें. तथापि महायुद्ध पूर्वेकडून जवळ येतांच, 1942 सालीं, सरकारनें वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यांत घेतला. 1964 सालीं याच कंपनीचें हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्यें रूपांतर झालें, आणि त्याच सुमारास आपल्या नाशिकजवळ ओझर येथें मिग विमानांचा कारखाना आला.

वालचंदांच्या हातून विमान असें गेलें. परंतु त्यांचें दुसरें एक रोपटें इंदापूर तालुक्यांत कळंब गांवाशीं वाढत होतें. नीरेच्या कालव्यावर 1934 च्या सुमारास त्यांनीं साखर कारखाना काढला. वस्तीला वालचंदनगर हें नांव पडलें. पुढें तेथें साखर कारखान्यांचीं अवजड यंत्रें बनूं लागलीं. ऊंस पिळणाऱ्या चरकाचा आणि अग्निबाणाचा काय संबंध, असें आपणांस वाटेल. संबंध असा कीं, जाड पोलाद वांकवावें कसें, सांधावें कसें आणि सांध्यांत दडलेली चीर शोधावी कशी, हें ज्याला येतें त्यालाच मोठें दाबपात्र करतां येतें. आणि घन इंधनाचा अग्निबाण म्हणजे एका अर्थीं जळतें दाबपात्रच असतें. इस्रोच्या पी.एस.एल.व्ही. या वाहनाच्या पहिल्या टप्प्याचीं कवचें वालचंदनगरनें बनविलीं. व्यास 2.8 मीटर, पांच खंड एकावर एक जोडलेले, धातु 18 टक्के निकेल असलेलें मॅरेजिंग पोलाद, आणि एवढ्या अजस्र नळकांड्याच्या भिंतीची जाडी एक सेंटिमीटरही नाहीं. त्यांत सुमारें 138 टन इंधन भरतात आणि तें पावणेदोन मिनिटांत जळून जातें. याच वाहनानें 2008 सालीं पहिलें चांद्रयान आणि 2013 सालीं मंगळयान नेलें.

किर्लोस्करांचा उल्लेख न करतां पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1888 सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, 1910 सालीं किर्लोस्करवाडी वसविली, आणि 1941 सालीं त्यांच्या घराण्याच्या उद्योगानें हरिहर येथें लेथ बनविण्याचा कारखाना काढला. यंत्र बनविणारें यंत्र आपल्याकडे बनूं लागणें ही साधी गोष्ट नव्हे. तो कारखाना आतां राहिला नाहीं. परंतु एका पिढीच्या लहान कारखानदारांनीं कातकामाचे पहिले धडे अशाच देशी लेथांवर गिरविले.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. अग्निबाणाचें काम इतर कामांहून वेगळें कां? केवळ सूक्ष्मतेमुळें नव्हे. घड्याळाचे भागही सूक्ष्म असतात. येथें वेगळी आहे ती साक्ष. विमानाचा किंवा अग्निबाणाचा नग एकटा जात नाहीं. त्याच्याबरोबर त्याची जन्मपत्रिका जाते. धातु कोणत्या ओतींतला, तो कोणत्या दिवशीं कोणत्या यंत्रावर कातला, कोणीं मोजला, ज्या उपकरणानें मोजला तें स्वतः केव्हां तपासलें होतें, हें सारें लिहून ठेवावें लागतें. नापास नग भंगारांत टाकतांना तो पुन्हा चुकूनही वापरला जाणार नाहीं असा निकामी करावा लागतो. वसईच्या चर्चमधून मराठ्यांनीं नेलेल्या घंटा आज महाराष्ट्राच्या देवळांत टांगलेल्या आहेत. त्यांपैकीं कांहींवर ओतल्याचें वर्ष अद्याप वाचतां येतें. देवळांत गेली, देव बदलला, तरी घंटेनें आपला जन्म लपविला नाहीं. आजच्या कारखानदाराकडून हीच अपेक्षा आहे.

ही साक्ष चुकली तर काय होतें, त्याचें उदाहरण फार जुनें नाहीं. 10 जुलै 2006 रोजीं श्रीहरिकोट्याहून जी.एस.एल.व्ही. वाहन इन्सॅट-4सी हा दोन टनांहून अधिक वजनाचा उपग्रह घेऊन उठलें. बाजूच्या चार इंजिनांपैकीं एकाचा जोर उड्डाणाच्या क्षणींच ढळला, आणि मिनिटाभरांत वाहन मोडून बंगालच्या उपसागरांत पडलें. चौकशी समितीनें सांगितलें कीं त्या इंजिनांतल्या इंधन-नियंत्रकांतून प्रवाह प्रमाणाबाहेर जात होता. घडणींत नकळत राहिलेली आणि पुढच्या तपासण्यांतून निसटलेली चूक हें त्याचें संभाव्य कारण असावें. वाहनाच्या रचनेंत दोष नव्हता. ती चूक कोणाच्या हातून झाली हा आपला विषय नव्हे. धडा असा, कीं हजारों माणसांची वर्षांची मेहनत आणि जनतेचा पैसा अखेर कोठें तरी एका एकट्या माणसाच्या प्रामाणिकपणाला टांगलेला असतो. तो माणूस यंत्रापुढें उभा असतो. नग मापाबाहेर गेल्याचें त्याला एकट्यालाच कळतें. आणि ‘चालेल’ म्हणावें कीं ‘चालणार नाहीं’ म्हणावें, हें त्यालाच ठरवावयाचें असतें.

येथें घराण्याचा धंदा उपयोगी पडतो, आणि येथेंच तो बुडूंही शकतो. उपयोगी अशासाठीं कीं या कामांत फळ उशिरा येतें. नगांची संख्या थोडी, तपासण्या अनेक, आणि पहिलीं कित्येक वर्षें नफा नांवालाच. ज्याला दर तिमाहीला बाजाराला तोंड दाखवावयाचें असतें तो एवढें थांबत नाहीं. जो नातवाचा विचार करतो तो थांबतो. बुडूं शकतो तो अशासाठीं कीं धन्याच्या मुलाला ‘चालणार नाहीं’ असें सांगणारा माणूस पदरीं ठेवण्याची छाती सर्वच घराण्यांना नसते. मुलगा आपला म्हणून त्याचा नग पास झाला, कीं त्या दिवसापासून तें घराणें या धंद्यांतून उठलें असें समजावें.

एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. अर्देशर आणि वालचंद, दोघांचाही वारसा भावांकडे आणि पुतण्यांकडे गेला. शिवाय गोदरेज घराण्याची 2024 सालीं रीतसर वाटणी झाली. स्थापनेनंतर 127 वर्षांनीं मालमत्ता दोन शाखांत विभागली गेली, आणि विक्रोळीचा यंत्रांचा कारखाना एका शाखेकडे राहिला. जमिनीची वाटणी होते, भागांची होते, नांवाचीसुद्धां होते. परंतु मापाची वाटणी होत नाहीं. तें ज्याच्या हातांत असेल त्याच्याकडे पुरें असतें, नसेल त्याच्याकडे मुळींच नसतें. विक्रोळींत आणि वालचंदनगरांत तें माप धन्यांच्या मुलांइतकेंच कामगारांच्या मुलांनींही उचललें, हें विसरून चालणार नाहीं. ज्या वारशाला रक्ताचें नातें लागत नाहीं, असा हा एक वारसा आहे.

आमच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यांत आज हाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा आहे. ज्यांनीं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं उसने पैसे घेऊन एक जुना लेथ मांडला, त्यांचे केस पिकले. मुलगे शिकले, संगणकावर चालणारीं यंत्रें त्यांना बापापेक्षां चांगलीं कळतात. परंतु जागेचे भाव असे चढले आहेत कीं यंत्रें विकून गाळा भाड्यानें दिला, तर घाम न गाळतां घर चालतें. भाड्याचा पैसा अगदीं निर्दोष आहे. त्याला कोणी नांवें ठेवूं नयेत. तथापि त्या गाळ्याला कुलूप लागतें तेव्हां जें आंत कोंडलें जातें त्याची किंमत कोणत्याही दस्तांत लिहिलेली नसते. बापानें तीस वर्षांत किती नग कातले तें वहींत सांपडेल. परंतु आपणहून किती नग भंगारांत टाकले, गिऱ्हाइकाला कळण्याचा संभव नसतांही टाकले, तें मुलाला ठाऊक असतें, आणि फार तर शेजारच्या फिटरला.

माझ्या प्रश्नाचें उत्तर मला त्या भंगाराच्या डब्यांत सांपडतें. या धंद्यांत बाप मुलाला यंत्र देतो, तें दहा वर्षांत जुनें होतें. गिऱ्हाईक देतो, तें एका चुकीनें तुटतें. खरोखर देण्यासारखें एकच आहे: कोणी पाहत नसतां ‘चालणार नाहीं’ असें म्हणण्याची संवय. झांजीबारच्या न्यायालयांत एका तरुण वकिलानें तेंच म्हटलें, आणि त्यांतून कुलुपें निघालीं, तिजोऱ्या निघाल्या, इंजिनें निघालीं. गोखिवऱ्याच्या एखाद्या पत्र्याच्या गाळ्यांतून उद्यां काय निघेल, हें त्या गाळ्यांतला मुलगा आज सायंकाळीं कोणता नग डब्यांत टाकतो, यावर अवलंबून आहे.